ओब्दुलियाबाईंची जड नजर

युकातानच्या सपाट मुलखातल्या मेरिदा शहरात, सान सेबास्तियान वस्तीत त्या उन्हाळ्यात एक कुजबुज चालू होती आणि तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, रांगेत तिला सगळ्यांत जास्त ऊत यायचा. ओब्दुलिया कान्चे हिची नजर जड आहे. ती ज्याच्याकडे बघते त्याचं पाणी होतं.

“यकृताच्या प्रयोगशाळेत एक्केचाळीस जणांचे तुकडे ठेवले होते,” पुढची बाई मागचीला सांगायची. “हिनं नुसतं बघितलं. विरघळले.”

“आणि ती माणसं?”

“माणसं आहेत अजून. पण तोंडं बघितलीस का त्यांची?”

त्या एक्केचाळिसांपैकी एखादा रांगेत असायचाच. तो हळूच बरगडीखाली चाचपून बघायचा आणि घरी जाऊन पंख्याखाली पडून राहायचा.

कुजबुजीचा उगम शोधायला लांब जायला नको. वस्तीच्या कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीतून नेल्बाबाई पानुचो विकत: तळलेली तोर्तिया, पोटात काळा घेवडा, वर टर्कीचं मांस. प्रयोगशाळेचा पहारेकरी रोमेल रोज सकाळी तिथे चार पानुचो खायचा, आणि तोंड भरलेलं असताना त्याला बातम्या सांगायची सवय होती. तो म्हणाला होता एवढंच, की डॉक्टरीणबाईंचे नमुने बिघडतायत आणि कारण सापडत नाही; फक्त झाडलोट करणाऱ्या ओब्दुलियाबाई आठवडाभर रजेवर होत्या तेव्हा चाचणीपुरते घेतलेले उंदराचे नमुने तेवढे चांगले राहिले. तळणाच्या कढईतून ती गोष्ट बाहेर पडली तेव्हा तिला पाय, शेपूट आणि शिंगं सगळं फुटलेलं होतं.

आता हीच नेल्बाबाई ओब्दुलियाबाईंची विहीण. तिची मुलगी मिर्ना ओब्दुलियाबाईंच्या मुलाला दिलेली. विहिणी एकमेकींच्या स्वयंपाकाविषयी बोलतात, साड्या नेसणाऱ्या असोत की ह्यांच्यासारख्या फुलांच्या कशिद्याचे झगे घालणाऱ्या. पण नेल्बाबाईंनी जे केलं ते जरा पुढचं होतं, कारण घरात तान्ही नात होती. निक्ते तिचं नाव. येत्या रविवारी तिला तीन महिने पूर्ण होणार होते आणि तिचा हेत्झमेक ठरला होता. तोवर बाळाला आडवंच घ्यायचं; त्या दिवशी पहिल्यांदा पाय फाकवून कडेवर घ्यायचं, टेबलाभोवती नऊ फेऱ्या मारायच्या, हातात वही, पेन्सिल, सुई, उकडलेलं अंडं द्यायचं, म्हणजे पोर शहाणी आणि कामसू निघते. ज्या बाईच्या कडेवर ती पहिल्यांदा बसते तिचा गुण तिला लागतो. तो मान ओब्दुलियाबाईंना द्यायचं बाळ पोटात असतानाच ठरलं होतं. ओब्दुलियाबाईंनी त्यासाठी नवा झगा शिवला होता आणि कमरेला बळ यावं म्हणून महिनाभर कपाटातून पिठाचा डबा काढून कडेवर घेऊन घरात फिरत होत्या.

मंगळवारी त्या नातीला बघायला गेल्या, तर नेल्बाबाई दारातच उभ्या.

“या, विहीणबाई. पण डोळे मिटून या.”

“का, घर रंगवताय?”

“निक्ते जागी आहे.”

ओब्दुलियाबाईंना रांगेतली गोष्ट तोपर्यंत ठाऊक नव्हती. ज्याच्याविषयी बोलणं चालतं तो रांगेत आला की रांगेला हवापाण्याचं प्रेम सुटतं. नेल्बाबाईंनी ती त्यांना तिथल्या तिथे ऐकवली, आणि ऐकवताना हळहळल्यादेखील.

“तुमचा दोष म्हणत नाही मी. काहींचं रक्तच उष्ण असतं. पण एक्केचाळीस यकृतं, बाई. माझ्या नातीला तर एकच आहे.”

“मी अकरा वर्षं तिथे झाडलोट करते. माझ्या नजरेनं विरघळायचं असतं तर आधी रोमेल विरघळला असता.”

“त्याच्याकडे कोण कौतुकानं बघतं?”

आतून मिर्नाचा आवाज आला, “सासूबाई, मी काही मानत नाही हो असलं,” आणि पाठोपाठ पाळण्यावर टॉवेल टाकल्याचा आवाज आला. ओब्दुलियाबाईंना त्या टॉवेलचा आवाज जास्त लागला. त्या खरोखरच डोळे मिटून आत गेल्या, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटल्या, पाळण्यावरच्या टॉवेलपाशी उभं राहून नातीच्या श्वासाचा आवाज ऐकला आणि परत दाराशी आल्या.

“रविवारचं काय?”

“डॉक्टरीणबाईंचं पत्र आणा,” नेल्बाबाई म्हणाल्या. “तुमची नजर स्वच्छ असल्याचं. शिक्क्यासकट. नाहीतर निक्तेला मी घेईन कडेवर. मलाही कंबर आहे.”

“दिसतेय,” ओब्दुलियाबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

खरं तर नजरेच्या बाबतीत त्यांच्याइतकी काळजी घेणारी बाई अख्ख्या मेरिदात नसेल. बाळाचं कौतुक करायचं आणि हात न लावता निघून जायचं, हे इथे कोणी सभ्य माणूस करत नाही. कौतुक हवेत तसंच लोंबकळत राहतं आणि बाळाला बाधतं. गालाला, टाळूला, निदान अंगठ्याला हात लावला की ते उतरतं. पण ओब्दुलियाबाईंनी ही रीत फारच मनावर घेतली होती. सात वर्षांच्या असताना त्यांनी मावशीच्या अंगणात टर्कीचं एक पिल्लू बघून “काय गोड आहे” म्हटलं, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि हात लावायचा राहिला. संध्याकाळी पिल्लू मेलेलं. त्या दुपारी अंगणात मांजरही येऊन गेली होती, पण मांजरीला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून ओब्दुलियाबाई ज्याचं कौतुक करतील त्याला हात लावत. टोमॅटोची रोपं, शेजारणीचा पडदा, पाद्रीबाबांची नवी गाडी. टीव्हीवरच्या मालिकेत गोंडस बाळ आलं की त्या हॅमॉकमधून उठून पडद्याला बोट लावून यायच्या. त्यांचा नवरा तिबुर्सियो, ज्याला सगळे बूचो म्हणत, त्याचं म्हणणं होतं की लग्नाआधी हिनं माझं कौतुक केलं आणि मग हात लावावाच लागला, असं हे लग्न झालं.

बूचोसुद्धा त्या एक्केचाळिसांत होता. सोमवारी घेवड्यात शिजवलेलं डुक्कर, रविवारी जमिनीत भाजलेलं डुक्कर आणि मधल्या दिवसांत ह्या दोन्हींची आठवण, असं त्याचं जेवण. त्याच्या यकृतावर चरबीचा थर चढला होता. वस्तीत निम्म्या लोकांचं तेच. डॉक्टर इलेआना ब्रिसेन्यो ह्यांनी लोकांना समजावून, विनवून, सुईनं यकृताचा तांदळाएवढा कण काढून घेतला होता. बूचोनं त्या एका कणापायी दोन दिवस हॅमॉकमध्ये पडून सूप मागितलं होतं. दुसऱ्यांदा कोणी सुई टोचून घेईल ही आशा नव्हती.

त्या कणात डॉक्टरीणबाई काय शोधतात, हे त्यांनी एकदा ओब्दुलियाबाईंना पानुचो खाताखाता सांगितलं होतं.

“तुमच्या आजीची पाककृतींची जाडजूड वही होती ना? ती कपाटात कुलूपबंद. स्वयंपाकघरात ती येत नाही. येतात त्या तिच्यावरून उतरवलेल्या चिठ्ठ्या. ते आरएनए.”

“बरं.”

“आणि चिठ्ठीवर पेन्सिलीचे बारीक ठिपके असतात. हा ठिपका असेल तर लगेच करा, तो असेल तर चिठ्ठी फाडून टाका. रसायनाचे ठिपके. निरोगी यकृतात ते जागच्या जागी असतात. चरबी चढली, व्रण पडायला लागले, की ठिपके सरकतात. जी चिठ्ठी फाडायची ती भिंतीवर तशीच टाचलेली राहते आणि तोच पदार्थ पुन्हापुन्हा होत राहतो.”

“आमच्या विहिणीचा घेवडा.”

“तसंच समजा. आणि असंच बरीच वर्षं चाललं तर एखाद्या दिवशी अख्खं स्वयंपाकघर वेडं होतं. तो कर्करोग. मला तिथवर थांबायचं नाहीये. नुसते ठिपके सरकलेत तेव्हाच मला ते दिसायला हवेत.”

ओब्दुलियाबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी घरी जाऊन बूचोला सांगितलं, तुझ्या चिठ्ठ्यांवर कोणीतरी भलतेच ठिपके मारतंय. बूचो म्हणाला, ठिपके राहू देत, मीठ दे.

पण सहा महिने झाले आणि ठिपके बघायची वेळच येईना, कारण चिठ्ठ्याच हाताला लागेनात. यंत्राच्या पडद्यावर दोन उंच सुळके दिसायला हवेत, म्हणजे आरएनए धड आहे. दिसायचं ते युकातानसारखं सपाट मैदान. सगळ्या चिठ्ठ्यांचे कपटे. डॉक्टरीणबाईंनी पाणी बदललं, रसायनं बदलली, फ्रीज बदलला. त्यांच्या हाताखालच्या एका विद्वानानं कोणाला न सांगता दृष्ट लागू नये म्हणून फ्रीजच्या मुठीला लाल दोरा बांधला. दोरा बघून डॉक्टरीणबाई संतापल्या, पण सोडवला नाही. नऊ कण आतापर्यंत फुकट गेले होते. (एक्केचाळीस नव्हे. बत्तीस अजून गोठवलेले शाबूत होते, पण रांगेत बेरीजच चालते, वजाबाकी नाही.)

ओब्दुलियाबाई बुधवारी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला एक पत्र हवंय. माझ्या डोळ्यांविषयी.”

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

“ओब्दुलियाबाई, मी अशी कशी लिहून देऊ? तपासल्याशिवाय मी काहीच लिहून देत नाही.”

“मग तपासा.”

“नजर?”

“तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत.”

सहा महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी वाट्टेल ते तपासलं होतं. छतावरच्या टाकीत बेडूक आहे का तेही. आणि रोमेलनं रजेच्या आठवड्याविषयी जे सांगितलं ते त्यांनाही माहीत होतं, फक्त मोठ्यानं म्हणवत नव्हतं.

“शुक्रवारी सकाळी या,” त्या म्हणाल्या. “आणि हे कोणाला सांगू नका.”

गुरुवारी संध्याकाळी गप्पांसाठी खुर्च्या फुटपाथवर निघाल्या तेव्हा सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

शुक्रवारी टेबलावर तीन खोकी मांडली होती, प्रत्येकात करंगळीच्या पेराएवढ्या वीस नळ्या, टोपणं उघडी. बेत साधा होता. पहिल्या खोक्याकडे ओब्दुलियाबाईंनी बघायचंही नाही. दुसऱ्याकडे दहा मिनिटं रोखून बघायचं, जमेल तितकं वाईट. तिसऱ्याचं नेहमीसारखं, म्हणजे पिशवीतल्या सुट्या नळ्या खोक्यात लावून वाफेच्या मोठ्या कुकरात ठेवण्याचं काम त्या गेले सहा महिने रोज सकाळी सहाला, बाकीचे यायच्या आत, करत तसं. मग तिन्हींत उंदराचं चांगलं आरएनए घालून यंत्रावर बघायचं.

“सुरू करा,” डॉक्टरीणबाई घड्याळ लावून म्हणाल्या.

ओब्दुलियाबाई दुसऱ्या खोक्याकडे बघू लागल्या. आधी नेल्बाबाईंना आठवून बघितलं, म्हणजे नजरेला धार येईल. पण त्या वीस चिमुकल्या नळ्या, टोपणांचे आ वासून ओळीनं बसलेल्या, घरट्यातल्या पिल्लांसारख्या दिसत होत्या. चौथ्या मिनिटाला त्यांचा चेहरा निवळला. पाचव्याला त्या पुटपुटल्या, “गुणाच्या गं तुम्ही.” सहाव्या मिनिटाला त्यांचा उजवा हात उठला आणि पहिल्या नळीत करंगळी गेली.

“अहो, नुसतं बघायला सांगितलंय.”

“बघतेच आहे की.”

“मग बोट कुठे चाललंय?”

“बघितलं ना मी. कौतुकही केलं. आता हात लावायला नको?”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बंद केलं.

“तुम्ही रोज लावता?”

“म्हणजे काय. हे काम दिलंत त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, ओब्दुलियाबाई, ह्या नळ्या सांभाळा, ही आपली बाळं आहेत. बाळांना बघून तशीच जाऊ? मला आईबापांनी काही शिकवलं नाही असं वाटलं का?”

“सगळ्यांना लावता?”

“एकीला लावायचं आणि दुसरीला नाही, असला दुजाभाव माझ्याकडे नसतो.”

“कुठे लावता?”

“आत. टोपणाच्या आतून आणि काठावरून. बाहेरून लावून काय उपयोग?”

“आणि हातमोजे? मी तुम्हाला गुलाबी हातमोजे दिले होते.”

“ते संडास धुवायला आहेत,” ओब्दुलियाबाई जरा दुखावून म्हणाल्या. “स्वच्छ कामाला घाणेरडे मोजे घालू मी?”

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. माणसाच्या बोटांच्या घामात आरएनएचे तुकडे करणारं द्रव्य असतं, हे त्यांना विद्यार्थी असल्यापासून पाठ होतं. त्यासाठीच प्रयोगशाळेत सगळे मोजे घालून वावरत. ते द्रव्य वाफेच्या कुकरानंही धड मरत नाही, हेही पाठ होतं. पण झाडलोट करणाऱ्या बाईंच्या हातून गेलेल्या नळ्या नंतर वाफेत जातात, म्हणून त्या दिशेला कोणी बघितलंच नव्हतं. शिवाय त्यांना ओरडावंसं वाटेना. त्याच सकाळी येताना त्यांनी स्वतः बसमध्ये एका अनोळखी बाळाच्या गालाला हात लावला होता.

“हात मागे बांधते तुमचे,” त्या म्हणाल्या. “टॉवेलनं. नवीन खोकं घेऊ. पुन्हा दहा मिनिटं.”

ती दहा मिनिटं ओब्दुलियाबाईंच्या आयुष्यातली फार कठीण होती. बघायचं, आणि हात मागे. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विद्वान तर म्हणाला, अश्रूंतही तेच द्रव्य असतं, खोकं लांब सरकवा.

दुपारी यंत्रानं निकाल दिला. न बघितलेल्या नळ्या: दोन सुळके. रोखून बघितलेल्या: दोन सुळके, तसेच उंच. नेहमीसारख्या हाताळलेल्या: युकातान.

पत्र तयार झालं. निळा शिक्का मारला. पहिली ओळ होती: श्रीमती ओब्दुलिया कान्चे ह्यांनी दहा मिनिटे रोखून पाहूनही नमुन्यांवर कोणताही परिणाम झाला नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या, आणि अर्धवट निकाल लिहिणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी दुसरी ओळ लिहिली: नमुने त्यांच्या बोटांच्या स्पर्शाने खराब होत होते.

रविवारी नेल्बाबाईंच्या अंगणात टेबल मांडलं होतं. वही, पेन्सिल, सुई, उकडलेली अंडी, भोपळ्याच्या बिया. वस्ती झाडून आली होती, कारण जेवण होतं आणि पत्र होतं. नेल्बाबाईंनी ते चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीला लोक “हं” म्हणाले. दुसऱ्या ओळीनंतर नेल्बाबाईंनी चष्मा काढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाताळ उजाडला.

“म्हणजे बोटं,” त्या म्हणाल्या. “नजर नाही, बोटं. बरं झालं लिहून आणलंत, विहीणबाई. तुम्ही बघा हवं तेवढं. फक्त हात लावायचा नाही.”

“नेल्बाबाई,” डॉक्टरीणबाई पुढे झाल्या, “बाळाला कातडी असते. त्या नळ्यांचं—”

“शिक्का तुमचाच आहे ना, डॉक्टरीणबाई? मग जेवा शांतपणे.”

मिर्ना निक्तेला आडवी घेऊन मध्ये उभी होती, एकदा आईकडे बघत, एकदा सासूकडे. निक्तेच्या मनगटात लाल दोरा होता आणि तोंडात स्वतःची मूठ. बूचो बायकोच्या कानाशी म्हणाला, “चल घरी. मी घेईन तुझा पिठाचा डबा कडेवर.”

ओब्दुलियाबाई हलल्या नाहीत. त्यांनी नवा झगा नीट केला, दोन्ही हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं अडकवली आणि नातीकडे बघितलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा, दिवसाउजेडी, पोटभर.

“काय सुंदर पोर आहे,” त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या.

अंगणातलं चघळणं थांबलं.

“डोळे तर बघा. आणि ही जिवणी. अख्ख्या मेरिदात असं गोड बाळ नसेल.”

“विहीणबाई,” नेल्बाबाई म्हणाल्या.

“आणि गाल. लोण्याचे.”

“विहीणबाई, पुरे झालं. हात लावा.”

“पत्रात लिहिलंय—”

“सासूबाई, लावा ना,” मिर्ना रडकुंडीला येऊन म्हणाली. “असं बोलून नुसत्या उभ्या काय राहताय?”

“तुझ्या आईनं नको सांगितलंय, बाई. मी पडले बोटांची वाईट. आणि पावलं, पावलं कशी गुलाबाच्या—”

“लावा म्हणते ना,” नेल्बाबाईंनी पत्र अंड्यांच्या टोपलीत टाकलं आणि विहिणीचे हात पाठीमागून ओढून पुढे आणले. “लावा, घ्या, कडेवर घ्या, काय करायचं ते करा, पण ते कौतुक उतरवा आधी माझ्या नातीवरून.”

ओब्दुलियाबाईंनी सावकाश निक्तेच्या गालाला हात लावला. मग पापण्यांना, जिवणीला, मग दोन्ही पावलांना, कारण उल्लेख सगळ्यांचा झाला होता. मग तिला उचलून कडेवर बसवलं. पोरीनं आजीचा नवा झगा मुठीत धरला आणि खांद्यावर दूध काढलं. टेबलाभोवती नऊ फेऱ्या झाल्या. नेल्बाबाई मागून मोजत होत्या आणि सातवी फेरी दोनदा मोजायचा त्यांनी प्रयत्न केला, पण वस्तीनं पकडलं.

पुढच्या सोमवारपासून ओब्दुलियाबाईंना स्वच्छ कामासाठी वेगळे, निळे मोजे मिळाले. नळ्यांना त्या आता मोज्यातल्या बोटानं बाहेरून हात लावतात. डॉक्टरीणबाईंनी तेवढी तडजोड मान्य केली आहे. उरलेल्या बत्तीस कणांतून चिठ्ठ्या धड निघाल्या. बूचोच्या चिठ्ठ्यांवरचे ठिपके सरकलेलेच होते, कर्करोग मात्र नव्हता. आता त्याला सोमवारी घेवडा मिळतो, डुक्कर मिळत नाही, आणि ह्याचा दोष तो अजूनही रसायनशास्त्राला देतो.

ओब्दुलिया कान्चे हिची नजर जड नव्हती. ती सहा महिने रोज सकाळी मोजे न घालता नळ्यांच्या आत बोट लावत होती, आणि बोटांच्या घामानं आरएनए तुटतं. घाम तिचा होता म्हणून नव्हे; कोणाच्याही घामानं तुटतं.